शाहीर, झीलकरी आणि राजकारण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथात पोवाड्याचे एक प्रकरण ठरलेले असते. ते अज्ञानदासाच्या अफझलखानवधापासून सुरू होते, पेशवाईच्या ऱ्हासाबरोबर ओसरते, आणि तेथून ग्रंथकार मोठ्या घाईने आधुनिक कवितेकडे वळतो. त्यानंतरच्या काळात डफ आणि तुणतुणे घेऊन जी पथके महाराष्ट्रभर गात हिंडली, ज्यांनी गिरणीच्या फाटकापाशी, आठवडी बाजारात आणि वस्तीच्या चौकात हजारो माणसांस रात्र रात्र खिळवून ठेवले, त्यांचा उल्लेख झालाच तर तो चळवळींच्या इतिहासात होतो. काव्याच्या इतिहासात होत नाही. ज्या गाण्यास राजकारणाचा वास आहे ते रसिकाच्या विचारास पात्र नाही, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून फार खोल रुजलेली आहे. उलटपक्षी, चळवळीतील मंडळी याच गाण्यांकडे अशा भक्तिभावाने पाहतात की, त्यांतील एखादे बेसूर किंवा पोकळ आहे असे म्हणणे म्हणजे ध्येयाशी द्रोह करणे होय, असे त्यांस वाटते. पहिल्या पक्षाने गाणे न ऐकताच निकाल दिला. दुसऱ्याने निकाल आधी ठरवून मग गाणे ऐकले. टीकाकाराचे काम मात्र दोघांनीही केले नाही.

ते काम थोडेसे करून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आपल्याकडे गाजला. तो कादंबरी व लघुकथा यांच्या आधारे लढला गेला. मराठी शाहिरास त्यात कोणी साक्षीस बोलावले नाही. बोलावले असते तर वादाची भाषा थोडी बदलली असती, असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, पोवाडा राजकारणात ‘ओढला गेला’ असे जे म्हटले जाते ते मुळातच खरे नाही. पोवाडा जन्मतःच राजकीय आहे. अज्ञानदासाने आणि सिंहगडाचा पोवाडा रचणाऱ्या तुळशीदासाने जे गाइले ते आपापल्या काळचे ताजे राजकारणच होते. पुढे बदलले ते इतकेच, की कोणाचा पराक्रम गावयाचा आणि बिदागी कोणी द्यावयाची. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांनी राजाकडे शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिले. नायक तोच, परंतु पाहणारा निराळा. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारातून पुढे जलसे उभे राहिले. तिकडे १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्याच्या मांडवात मेळे गाऊ लागले. एकसारखा वेष केलेली तरुण मुले गणपतीपुढे पदे म्हणताहेत, यात वरवर पाहता आक्षेपार्ह काहीच नव्हते. परंतु परक्या सरकारास त्या पदांतील देव कोण आणि दैत्य कोण हे चांगले कळत होते. नाशिकच्या मित्रमेळ्याच्या परंपरेतील सावरकरांचे पोवाडे सरकारने जप्त केले, ते काही काव्यदोषास्तव नव्हे. याच नाशिककडच्या भूमीतून पुढे भीमराव कर्डक यांचे आंबेडकरी जलसे निघाले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावाने आजही सांगितले जातात.

तेव्हा सत्यशोधक, मेळेवाले, जलसेकार हे विचाराने परस्परांस दुरावलेले, काही वेळा परस्परांचे वैरी. परंतु साधनाच्या बाबतीत हे सारे एकाच घरचे. हे साधन कोणते? एकट्याचे गाणे नव्हे, तर पथकाचे गाणे. येथे दुसरा मुद्दा येतो, आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पोवाड्यात शाहीर पुढे उभा असतो व त्याच्या पाठीशी झीलकरी. शाहीर कडवे संपवतो आणि झीलकरी वरच्या स्वरात ‘जी जी’ करीत त्याचा शब्द उचलून धरतात. आपण श्रोते झीलकऱ्यांकडे विशेष लक्ष देत नाही. परंतु पोवाड्याचे सारे शास्त्र त्या झिलीत आहे. झील म्हणजे संमती. एकाने सांगितलेली गोष्ट चौघांनी खरी म्हणून स्वीकारली, याचा तो जाहीर पुरावा. शाहिरास श्वास घेण्यास उसंत मिळावी हा तिचा व्यावहारिक उपयोग आहेच. परंतु त्याहून मोठा उपयोग असा की, ऐकणारा जमाव त्या चौघांत आपला पाचवा आवाज मिळवू शकतो. भावगीत गाणारा गायक तुमच्या एकटेपणाशी बोलतो. पथक तुमचे एकटेपण काढून घेते. राजकारणास हे साधन प्रिय का, हे यावरून ध्यानी येईल. त्यात धोका कोठे आहे हेही येथेच कळते, कारण चौघांनी मिळून खोट्यासही तितक्याच जोराने झील धरता येते.

हा धोका काल्पनिक नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४०-४१ च्या सुमारास पीट सीगर, ली हेज, मिलार्ड लॅम्पेल आणि पुढे वुडी गथ्री या गायकांनी ‘अल्मनॅक सिंगर्स’ नावाचे पथक काढले. अमेरिकेने महायुद्धात पडू नये, अशा आशयाची त्यांची ध्वनिमुद्रिका १९४१ च्या पूर्वार्धात निघाली. जूनमध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली, डाव्या पक्षांचे धोरण एका रात्रीत फिरले, आणि ती मुद्रिका बाजारातून मागे घेण्यात आली. पुढे तेच गायक तितक्याच तळमळीने युद्धाच्या बाजूने गाऊ लागले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, पक्षाच्या ठरावाबरोबर जे गाणे शिळे होते त्यात ठरावावाचून दुसरे काय होते?

हाच प्रश्न आपल्या लाल बावटा कला पथकास विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याइतके ते पथक मोठे आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी हे पथक १९४४ साली उभारले. अण्णाभाऊ सांगलीकडच्या वाटेगावचे, मातंग समाजात १९२० साली जन्मलेले, शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेले. अमर शेख बार्शीचे, मूळचे मेहबूब हुसेन पटेल, गिरणी कामगारांत वाढलेला बुलंद आवाज. मुंबईत १९४३ साली स्थापन झालेल्या ‘इप्टा’ या जननाट्य संघाच्या काळातीलच ही घटना. पथक स्थापन होण्याच्या आधीच, १९४२-४३ च्या सुमारास, अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता.

त्या काळाची आठवण ठेवून हा पोवाडा पाहिला तर त्याची अडचण लगेच ध्यानात येते. १९४२ साली देश ‘चले जाव’च्या लढ्यात होता, आणि कम्युनिस्ट पक्षाने मात्र त्या युद्धास लोकयुद्ध म्हटले होते. म्हणजे पक्षधोरणाचा जो पाश न्यूयॉर्कच्या गायकांभोवती होता तोच येथेही होता. तरीदेखील स्टालिनग्राडचा पोवाडा टिकला, रशियन भाषेपर्यंत गेला, आणि आजही त्याचा विचार करावासा वाटतो. का? मला दिसते ते कारण असे. अण्णाभाऊंनी पक्षाचा ठराव गाइला नाही; वेढ्यात सापडलेले एक शहर गाइले. शहर वाचविणारे सामान्य कामकरी आहेत ही गोष्ट त्यांच्या श्रोत्यांस, म्हणजे परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्यांस, कोणी समजावून सांगावी लागत नव्हती. आणि वेढा, तट, शर्थीने झुंजणारी थोडी माणसे हे तर मराठी पोवाड्याचे शेकडो वर्षांचे जुने घरच आहे. व्होल्गेच्या काठची लढाई सिंहगडाच्या चालीत बसली, कारण ती मुळातच त्या साच्याची होती. राजकारण उसने होते. वीररस उसना नव्हता.

याहून मोठे यश पुढच्या दशकातले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अण्णाभाऊंनी जी ‘मैने’ची छक्कड रचली ती मराठी माणसास नव्याने सांगण्याची गरज नाही. पोटासाठी मुंबईस आलेला एक गडी गावी राहिलेल्या आपल्या बायकोसाठी झुरतो आहे. छक्कड बराच वेळ त्या विरहातच रमते, तिच्या रूपाची आठवण काढते, शहराचे चटके सांगते. आणि मग नकळत त्या ताटातुटीचे रूप पालटते: महाराष्ट्रापासून तुटलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हीच त्या मैनेची व्यथा होऊन बसते. भाषावार प्रांतरचनेवर त्या काळी किती लेख आणि किती भाषणे झाली असतील! त्यांतील आज कितींची आठवण उरली आहे? ही छक्कड उरली.

आपल्या अलंकारशास्त्राने काव्याच्या उपदेशाविषयी एक सुंदर भेद केलेला आहे. वेदाची आज्ञा प्रभुसंमित, म्हणजे धन्याच्या हुकुमासारखी. इतिहासपुराणांची सुहृत्संमित, म्हणजे मित्राच्या सल्ल्यासारखी. आणि काव्याची कान्तासंमित, म्हणजे प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखी, जी रसातून मनास वळवते. मम्मटाचा हा विचार आपल्या महाविद्यालयांतून मुलांस परीक्षेपुरता शिकविला जातो. राजकीय गाण्यास लावावयाची याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही. पथकांची बहुसंख्य गाणी फसतात ती प्रभुसंमित होतात म्हणून: उठा, पेटा, तोडा, फोडा अशी आज्ञार्थी क्रियापदांची रांग लागते आणि श्रोता मनातल्या मनात खाली बसतो. अण्णाभाऊंची छक्कड अक्षरशः कान्तेच्या मार्गाने गेली. बेळगावाविषयी ऐकणाऱ्याने काय करावे हे सांगण्यापूर्वी, बेळगावाविषयी त्याला काय वाटते हे तिने त्याचे त्यालाच दाखविले.

ही कसोटी लावली म्हणजे लाल बावट्याच्या रचनेतील उणीवही दिसते. तमाशाच्या गणात गणेशवंदना असे. अण्णाभाऊंनी तिच्या जागी भूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन घातले, गवळण गाळली, आणि या नव्या प्रकारास लोकनाट्य हे नाव रूढ केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा या नव्या नावाच्या आश्रयाने पथकांस उभे राहता आले, हे खरेच. परंतु गवळणीबरोबर मावशी आणि पेंद्या यांची जी खट्याळ, कोणासही न जुमानणारी थट्टा होती तीही बरीचशी गेली. त्या थट्टेस पक्ष नव्हता. ‘अकलेची गोष्ट’सारख्या रचनेत अण्णाभाऊंनी सावकाराची खिल्ली मनसोक्त उडविली आहे, परंतु आपल्याच बाजूची खिल्ली उडविण्याची जुन्या सोंगाड्याची सवलत नव्या लोकनाट्यात आकसली. ज्या कलेस स्वतःच्या बाजूकडे पाहून हसता येत नाही तिचे आयुष्य तितके कमी होते, असे मला वाटते.

राज्यकर्त्यांची वागणूक सर्वत्र सारखीच, असे जगाकडे पाहता दिसते. चिलीमध्ये १९७३ च्या सप्टेंबरात लष्कराने सत्ता बळकावली आणि काही दिवसांतच व्हिक्टर हारा या गायकास सांतियागोच्या क्रीडागृहात ठार केले. त्या खुनाबद्दल निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना झालेल्या शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्या त्या २०२३ साली, म्हणजे अर्धशतकानंतर. ‘इंती-इलिमानी’ हे पथक त्या वेळी दौऱ्यावर इटलीत होते; त्यास पंधरा वर्षे मायदेशी परतता आले नाही. नायजेरियात १९७७ साली सैनिकांनी फेला कुटी यांच्या घरावर हल्ला केला. त्यात जखमी झालेली त्यांची वृद्ध आई पुढच्या वर्षी वारली. चेकोस्लोव्हाकियातील ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हे वाद्यवृंदवाले तर फारसे राजकारण गातही नव्हते. आपल्याला हवे तसे, विक्षिप्त, गात होते इतकेच. १९७६ साली त्यांच्या मंडळींवर खटला भरला गेला, आणि त्या खटल्याच्या संतापातून १९७७ ची सुप्रसिद्ध नागरी सनद जन्मली. म्हणजे सत्तेस गाण्यातला मजकूरच टोचतो असे नाही. चार माणसे तिच्या परवानगीवाचून एका सुरात येतात हेच तिला सहन होत नाही.

आपल्याकडे पुण्याचे कबीर कला मंच हे पथक २००२ साली, गुजरातच्या दंगलीनंतर, उभे राहिले. पुढे माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यातील काहींवर खटले झाले. शीतल साठे व सचिन माळी हे २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनापुढे येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतलताईंना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी आदींना तो सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाला २०१७ च्या जानेवारीत. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, साहित्याच्या मासिकाचे नव्हे. आपल्यास विचारता येईल तो प्रश्न असा: शीतल साठे यांच्या आवाजासंबंधी, त्यांनी ओवीच्या आणि पोवाड्याच्या चालींचा जो उपयोग केला त्यासंबंधी, आपल्या किती वाङ्मयीन मासिकांनी एक पान खर्च केले? त्यांचे नाव आपल्याकडे वर्तमानपत्राच्या गुन्हेवार्तांतून आले. हे अपयश सरकारचे नव्हे, आपले आहे.

परंतु सरकारवर सारा दोष ढकलणे हेही सोपे पडते. पथकाच्या आत घडणाऱ्या गोष्टीही पाहिल्या पाहिजेत. मुंबईच्या उपनगरांशी या शाहिरांचा संबंध फार जवळचा आहे. अण्णाभाऊंचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगरात होते. अखेर गोरेगावी, १८ जुलै १९६९ रोजी, ते दारिद्र्यात वारले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. पथक त्याच्या फार पूर्वीच पांगले होते. त्याच घाटकोपरात, रमाबाई आंबेडकर नगरात, ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी मुलुंडच्या वस्तीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. ते आव्हान नाट्य मंचाचे गायक. आनंद पटवर्धन यांनी या घटनेचा धागा धरून चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ साली पुरा केला. संघटनेने या शाहिरास अखेरच्या काळात दूर लोटले होते, ही गोष्ट त्या चित्रपटातून पुढे येते.

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे एकटेपण गाण्याने काढून घेतले, त्याचे एकटेपण काढून घेण्यास त्याच्या पाठीशी एकही झीलकरी उरला नव्हता, हा विचार मनास फार अस्वस्थ करतो. एका माणसाच्या मृत्यूचे कारण एकच असते असे कोणी समजू नये. तसे म्हणण्याचा अधिकार दूरस्थास नाही. तथापि इतके म्हणता येते की, पथक हे केवळ प्रचाराचे यंत्र मानले म्हणजे शाहीर हा त्या यंत्राचा बदलता येण्याजोगा भाग ठरतो. झिलीचा करार दुतर्फा आहे. शाहिराने चौघांचे दुःख गावे आणि चौघांनी शाहिरास उचलून धरावे. यातील दुसरे कलम आपल्या चळवळींनी अनेकदा वाचलेच नाही.

आता आजच्या पथकांविषयी थोडेसे. प्रस्तुत लेखक मरोळास राहतो. मरोळ-मरोशीच्या रस्त्याने थोडे पुढे गेले म्हणजे आरे वसाहतीचे रान लागते. त्या रानात आदिवासींचे पाडे आहेत. मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठी तेथील झाडे तोडण्याचा वाद आपणां सर्वांस स्मरत असेल. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तोवर २,१४१ झाडे पडली होती. आज त्या मार्गाची गाडी मरोळ नाक्याखालून धावते आणि आम्ही मरोळकर तीत बसतोही. ती सोय नाकारण्याचा खोटेपणा मी करणार नाही. म्हणूनच या वादातून जन्मलेल्या गाण्याकडे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

हे गाणे ‘स्वदेशी’ नावाच्या मुंबईच्या तरुण समूहाचे. हिंदी, मराठी, गुजराती अशा अनेक भाषांतून रॅप करणारी ही मुले. आरेतील वारली कार्यकर्ते व कलावंत प्रकाश भोईर यांस बरोबर घेऊन त्यांनी वारल्यांच्या बंडाच्या नावाचे एक गाणे केले. नावात इतिहास आहे: १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते, आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने ती हकिगत मराठी वाचकाच्या घरात आणली. रॅप हा शब्द ऐकताच आमच्या पिढीचे कान मिटतात. ते क्षणभर उघडे ठेवावे. तालावर भराभर बोलत जाणे, मध्येच सोबत्याने शब्द उचलणे, श्रोत्यास ललकारणे, यांत पोवाड्याच्या कानास अनोळखी असे फारसे काही नाही.

या गाण्याचा गुण मला असा वाटतो की, शहरातील मुले आदिवासींच्या वतीने बोलून थांबत नाहीत. भोईरांचा आवाज मध्ये आला म्हणजे ती बाजूस सरतात. त्या क्षणी शाहीर कोण आणि झीलकरी कोण याची अदलाबदल होते, आणि गाण्यास उंची येते. दोष असा की, मुलांच्या स्वतःच्या भागात पुष्कळ वेळ सरकार, विकास, विनाश अशा मोठ्या शब्दांचा गडगडाट आहे. एक झाड, एक ओहोळ, एक पाडा नजरेपुढे उभा राहावा तितका राहत नाही. म्हणजे पुन्हा प्रभुसंमिताचाच दोष. आणखी एक अडचण काळाची आहे. पोवाड्यास चौक होता. या गाण्यास दूरध्वनीचा पडदा आहे. ऐकणारा एकटा बसून ऐकतो आणि त्याची झील कोणास ऐकू जात नाही. या समूहातील गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार हा तरुण २०२२ च्या मार्चमध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. त्याच्याकडून पुढे काय झाले असते हे सांगता येत नाही. परंतु मराठी मासिकांनी त्याच्या हयातीत त्याच्या कवित्वाची बरीवाईट चिकित्सा करावयास हवी होती, हे सांगता येते.

अण्णाभाऊंच्या नावाचे टपाल तिकीट २००२ साली निघाले; २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्यांच्या लोककलेवर एके काळी बंदी होती त्यांचा सरकारी गौरव झाला याचा आनंदच मानावा. परंतु पुतळ्यास फक्त हार घालता येतो. त्याच्याशी वाद घालता येत नाही. शाहिराचा खरा सन्मान त्याचे कोणते कडवे उतरले आणि कोणते फसले हे सांगण्यात आहे, कारण तेव्हाच आपण त्यास कवी म्हणून वागविले असे होते. हे काम सुशिक्षित घरांनी कार्यकर्त्यांवर सोपवू नये आणि पोलिसांवर तर मुळीच सोपवू नये. या पथकांची चोपडी हस्तलिखितांत, पिवळ्या पडलेल्या पत्रकांत आणि वृद्ध झीलकऱ्यांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. ज्यांच्या ओळखीत असा एखादा झीलकरी असेल त्यांनी त्याच्यापाशी बसून ती उतरून घ्यावीत. निवड पुढचे टीकाकार करतील. निवडण्याजोगे काही त्यांच्या हाती उरले पाहिजे, इतके तरी आपण करून ठेवावे.